शेवटची पाळी कधी आली होती?

हा प्रश्न मी दिवसातून २५-३० वेळा विचारते. सांगलीत एका सोनोग्राफी सेंटरला काउंटरवर असते मी, १४ वर्षं झाली. सकाळी नावं घ्यायची, फॉर्म भरायचे, बायकांना पाणी प्यायला लावायचं, दर दहा मिनिटांनी लघवी लागली का लागली का विचारायचं आणि दुपारी सोनोग्राफी करणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडम बोलतील तसे रिपोर्ट टाइप करायचे. डॉक्टर नाही मी, नर्सपण नाही, बी.कॉम. झालेली टायपिस्ट. खाली लिहिलंय ते १४ वर्षं ऐकून, टाइप करून आणि चहाच्या वेळी मॅडमचं डोकं खाऊन जमा झालेलं आहे, त्यामुळं कृपा करून तुमचे रिपोर्ट मला पाठवू नका, तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

तर फॉर्मवर एक रकाना असतो, एलएमपी. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. पहिला, पाळी संपली तो नाही, हे दर दुसऱ्या बाईला सांगावं लागतं. आणि तारीख कुणालाच आठवत नाही. आठवतं ते असं, "नागपंचमीच्या आदल्या दिवशी, मेंदी काढायला बसले होते बघा", नाहीतर "मागल्या संकष्टीला, उपास होता आणि वरनं हे". म्हणून काउंटरशेजारी कालनिर्णय टांगलंय, संकष्टी शोधायची आणि तारीख लिहायची. गणपतीनंतर येणाऱ्या निम्म्या बायकांनी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतलेल्या असतात, ते त्या आपणहून सांगत नाहीत, खोदून विचारावं लागतं. सोबत नवरा असला की उत्तर तोच देतो, "असेल की महिनाभर", आणि बाई फरशीकडं बघत राहते. मग मी त्याला आधार कार्डाची झेरॉक्स काढायला रस्त्यापलीकडं पाठवते. झेरॉक्स मशीन आमच्या आतल्या खोलीत आहे, ते सोडा.

नोकरीला लागले तेव्हा मीसुद्धा गर्दी असली की हा रकाना रिकामा सोडायचे. एकदा मॅडम हातात फॉर्म घेऊन बाहेर आल्या, सगळ्यांसमोर काही बोलल्या नाहीत, पण चहाच्या वेळी म्हणाल्या, अगं हे रिकामं असलं तर मी आत काय मोजतेय ते मलाच कळत नाही, नुसता आकडा घेऊन काय करू? मला तेव्हा डोक्यावरून गेलं. आकडा म्हणजे आकडा, १२ म्हणजे १२, त्यात काय कळायचं नाही?

मग त्याच महिन्यात एकदा असं झालं की एकाच दुपारी मी पाठोपाठ दोन रिपोर्ट टाइप केले, दोन्हीत ई.टी. १२ एमएम. ई.टी. म्हणजे एंडोमेट्रियल थिकनेस, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जाडी. पहिली बाई २९ वर्षांची, पोटात दुखतं म्हणून आलेली, पाळीचा २२ वा दिवस, म्हणजे पाळी आली त्या दिवसापासून मोजून. तिच्या रिपोर्टला खाली लिहिलं, नॉर्मल. दुसरी ५७ ची, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, दोन महिने मधूनमधून डाग दिसतोय म्हणून आलेली. तिच्या रिपोर्टला खाली, लवकरात लवकर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, बायोप्सीचा, म्हणजे अस्तराचा तुकडा काढून तपासायचा सल्ला. मला वाटलं माझीच टायपिंगची चूक झाली, पहिलीचा आकडा दुसरीत पेस्ट झाला. आत जाऊन विचारलं. चूक नव्हती.

अस्तर शब्दामुळं आपल्या डोळ्यापुढं ब्लाउजचं अस्तर येतं, एकदा लावलं की लावलं. हे अस्तर दर महिन्याला उगवतं आणि गळून पडतं. पाळीच्या दिवसांत ते २ ते ४ एमएम असतं, मग वाढत वाढत बीज सुटायच्या सुमाराला १०-११ पर्यंत जातं आणि तेव्हा स्क्रीनवर तीन स्पष्ट रेघा दिसतात, वहीवर पट्टीनं मारल्यासारख्या. त्यानंतर ते मऊ, पांढुरकं, जाड होत १५-१६ पर्यंतसुद्धा जाऊ शकतं आणि पाळी आली की सगळं खाली. म्हणजे पाळी चालू असलेल्या बाईचे १२ एमएम हे पाळीच्या आठव्या दिवशी वेगळे आणि २२ व्या दिवशी वेगळे. म्हणूनच कुणाला जाडीचीच शंका असेल तर मॅडम सांगतात, पाळी संपल्या संपल्या या, तेव्हा अस्तर सगळ्यात पातळ असतं, तेव्हाही जाड दिसलं तर मग काहीतरी बघण्यासारखं आहे. आणि ज्यांची पाळी गेलीय त्यांचं अस्तर वाढवणारं हार्मोनच आटलेलं असतं, तिथं ते पातळ रेघेसारखं पडून राहायला पाहिजे. तिथं १२ कुठून आले हा प्रश्न.

सगळा खेळ त्या रकान्याचा.

आता मशीनबद्दल थोडं, कारण हे मला माझ्या नवऱ्यामुळं समजलं, मॅडममुळं नाही. आमचे हे साखर कारखान्यात बॉयलरला आहेत. हंगाम संपला की बॉयलर थंड करून ट्यूबची जाडी तपासतात, छोटं मशीन असतं, त्याचं एक टोक ट्यूबला लावायचं, आवाज आत जातो, पलीकडच्या बाजूला आपटून परत येतो, किती वेळात आला त्यावरून जाडी. आवाज म्हणजे आपल्याला ऐकू न येणारा. हे एकदा मला न्यायला सेंटरला आले होते, लाइट गेलेली म्हणून आत येऊन बसले, जेलची बाटली हातात घेऊन म्हणतात, हे आम्हीपण लावतो की, ग्रीस लावतो. मधे हवा राहिली तर आवाज पुढं जात नाही. तुझ्या मॅडम आणि मी एकच काम करतो. फक्त आमच्यात पातळ झालं की घाबरायचं, तुमच्यात जाड झालं की.

हसले मी तेव्हा. नंतर मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्यात गंमत नाही, खरंच तसं आहे. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते, १९५५ साली ते ऑपरेशनमध्ये काढलेल्या गर्भाशयाच्या (फायब्रॉइड) आणि अंडाशयाच्या गाठी दोन गाड्यांच्या डिकीत घालून एका बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत घेऊन गेले, बॅबकॉक अँड विल्कॉक्स, रेनफ्रूला. तिथं धातूतली भेग शोधायचं मशीन होतं, त्यावर त्या गाठी ठेवून बघितल्या. तुलनेला म्हणून कंपनीनं मांसाचा एक मोठा तुकडा दिला होता. पाण्यानं भरलेली गाठ आणि भरीव गाठ वेगळी दिसली. १९५८ साली लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि तिथून हे सगळं सुरू. बॅबकॉकचं नाव ऐकल्यावर आमच्या ह्यांची छाती दोन इंच फुगली, जसं काही त्यातली एक गाडी तेच चालवत होते.

पोटावरून सोनोग्राफी करताना पाणी पाजतात ते यासाठीच, भरलेली लघवीची पिशवी आवाजाला खिडकीसारखी उपयोगी पडते आणि मधली आतडी, त्यातली हवा बाजूला सारते. पण वजन जास्त असलं की पोटावरून धूसर दिसतं. अस्तर नीट मोजायचं तर आतून करावी लागते, बारीक लांबट प्रोब योनीमार्गातून. त्याला उलट लघवी करून यायचं. प्रोबवर दरवेळी नवा निरोध चढवतात, हे सांगितलं की बायका आधी लाजतात आणि मग निवांत होतात, स्वच्छतेची शंका मिटते. आवाजाची वारंवारिता जास्त, गर्भाशय जवळ, त्यामुळं एक-दोन एमएमचा फरकसुद्धा दिसतो. मोजतात कसं, तर गर्भाशय उभं कापल्यासारखं चित्र घ्यायचं, जिथं अस्तर सगळ्यात जाड तिथं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोन फुल्या मारायच्या. पुढची आणि मागची भिंत एकमेकींना चिकटलेल्या असतात म्हणून दोन्ही थर मिळून एक आकडा येतो. मधे पाणी असलं तर ते वजा करायचं. बाहेरची जी काळी कड दिसते ती स्नायूची, ती धरायची नाही. मॅडमची फुली एवढ्याशानं चुकली की त्या पुसून परत मारतात, तीन-तीन वेळा. मी बाहेर वैतागलेली असते कारण १५ जणी बसलेल्या आहेत.

आता घरचं सांगते, त्यासाठीच लिहायला बसले होते.

आमच्या सासूबाई तासगावजवळ गावाकडं असतात, थोडी द्राक्षबाग आहे, दोन एकर. वय ६१, पाळी जाऊन दहा-अकरा वर्षं झाली, शुगर, बीपी, वजन ८४ किलो. गेल्या वर्षी श्रावणात मी तिथं आठ दिवस होते. बघते तर माझ्या मुलाला, बारावीतला घोडा, आई देवपूजेला बसवतायत. गुडघा दुखतोय म्हणाल्या, खाली बसवत नाही. मी म्हणलं बरं. पण त्याच दिवशी त्या बागेत वाकून वाकून दोन तास काम करून आल्या. तीन दिवस झाले, चार दिवस झाले, देवघराकडं पाठच. पाचव्या दिवशी सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं आणि देवापुढं बसल्या, गुडघा एकदम बरा.

माझ्या डोक्यात वीजच चमकली. १४ वर्षं मी हाच प्रश्न विचारतेय आणि घरात समोर दिसतंय ते मला कळायला पाच दिवस लागले. ६१ वर्षांची बाई चार दिवस देवाला शिवत नाही म्हणजे काय?

दुपारी भांडी घासताना हळूच विचारलं. आई, अंगावर जातंय का तुमच्या? आधी नाही नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जरा उष्णता झालीया गं. सब्जा खातीय. धने-जिऱ्याचं पाणी पितीय. कमी हुईल." कधीपासून? तर होळीपासून. होळीपासून श्रावण! पाच महिने ही बाई परकर पहाटे उठून स्वतः धूत होती, साडीच्या आड वाळत घालत होती, सब्जा खात होती आणि देवाला शिवत नव्हती. देवाला तेवढं कळलेलं होतं म्हणायचं, बाकी कुणाला नाही.

मला राग आला आणि रडूही आलं. त्यांना मी तोंडावर काही बोलले नाही, पण मॅडमचं एक वाक्य डोक्यात वाजत होतं, पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तो तपासायचाच. तो उष्णतेचा नसतो. घाबरवायचं नाही म्हणून हेही लिहिते की अशा बायकांत बहुतेकींना कॅन्सर नसतो, साधारण दहात एकीला निघतो, बाकीच्यांना नुसता कोरडेपणा, छोटा मस्सा ज्याला पॉलिप म्हणतात ते, असलं काहीतरी असतं. पण उलटीकडून बघा, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झालेल्या पाळी गेलेल्या बायकांत दहातल्या नऊजणींना हाच थेंब आधी दिसलेला असतो. शरीर एवढं स्पष्ट सांगतंय आणि आपण सब्जा भिजवतोय.

सांगलीला आणलं. फॉर्म मीच भरला, एलएमपीच्या रकान्यात ११ वर्षांपूर्वी असं लिहिताना हात थोडा थांबला. ह्यांना झेरॉक्सला पाठवलं. पोटावरून काही नीट दिसेना, मॅडम म्हणाल्या आतून करू. आई उठूनच बसल्या, "या वयात आता हे नको गं बाई." मॅडमनी प्रोब हातात धरून दाखवला, म्हणाल्या मावशी, दोन मिनिटं, सुनेला उभी करते शेजारी. मी डोक्याशी उभी राहिले, त्यांनी माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली.

स्क्रीनकडं मी रोज बघत नाही, माझं काम कानाचं. त्या दिवशी बघितलं. करड्या गर्भाशयाच्या मधे पांढरट जाड पट्टा, त्यात बारीक काळी छिद्रं, जाळीदार घावनासारखी. पातळ रेघ असायला पाहिजे तिथं. मॅडमनी दोन फुल्या मारल्या, १४.२. पुसल्या, परत मारल्या, १४.४. मग कलर डॉपलर लावला, त्यात वाहतं रक्त रंगात दिसतं, तर एका बाजूनं एकच बारीक रक्तवाहिनी त्या पट्ट्यात शिरताना दिसली, लाल दोरीसारखी. पॉलिप असावा म्हणाल्या, देठावर मस्सा असतो त्याला अशी एकच वाहिनी जाते, पण बाकीचं अस्तरही मला जाड वाटतंय, आणि काय आहे ते मी इथून सांगू शकत नाही, तुकडा तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही.

हे मला सगळ्यांना सांगायचंय. सोनोग्राफी जाडी सांगते, जात सांगत नाही. पाळी गेलेल्या आणि अंगावर जाणाऱ्या बाईचं अस्तर ४ एमएम किंवा त्याहून कमी असलं तर कॅन्सर असायची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी, तिथं डॉक्टर थांबू शकतात. ४ च्या वर असलं तर पुढची तपासणी. म्हणजे हे मशीन खरं तर कुणाला सोडायचं ते सांगायला चांगलं आहे. कुणाला धरायचं ते सांगायला बायोप्सी. आणि ४ च्या खाली असूनही रक्त परत परत येत राहिलं तरी बायोप्सी करतातच, कारण काही जातीचे कॅन्सर पातळ अस्तरातपण लपतात. आणि हा ४ चा नियम ज्यांना रक्त जातंय त्यांच्यासाठी, काहीच त्रास नसताना दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत ६ दिसले म्हणून धावत सुटायचं नाही, तिथं बरेच डॉक्टर ११ च्या आसपासचा आकडा धरतात आणि वजन, शुगर, घरात कुणाला होता का असलं बघून ठरवतात. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, टॅमोक्सिफेनची गोळी चालू. त्या गोळीनं अस्तर जाड आणि छिद्राछिद्रांचं दिसतंच, म्हणून रक्त जात नसेल तर उगीच दरवर्षी सोनोग्राफी करत बसू नका असं डॉक्टर सांगतात, पण त्यांना कुणीतरी पॅकेजमध्ये करून दिली आणि बाई महिनाभर झोपल्या नाहीत.

परत घरी येताना आई गाडीत गप्प. मग म्हणाल्या, "अस्तर जाड झालंय म्हंजे मग थिनिंग करत्यात का?" द्राक्षाचे घड दाट झाले की कात्रीनं मणी विरळ करतात, त्याला सगळे थिनिंगच म्हणतात, आई जन्मभर तेच करत आलेल्या. ह्यांना हसू आवरेना. पण मी म्हणलं हो, तसंच काहीसं. आणि मग मला त्यांना समजवायला सोपं गेलं, की बघा आई, एक हार्मोन असतं ते खत-पाण्यासारखं, इस्ट्रोजेन, अस्तर वाढवतं. दुसरं असतं प्रोजेस्टेरॉन, ते छाटणीसारखं, वाढ आवरतं. पाळी गेली की दोन्ही जवळजवळ बंद. पण अंगात चरबी जास्त असली की चरबीतनं थोडं थोडं इस्ट्रोजेन बनतच राहतं. खत चालू, छाटणी नाही. मग वेल काय करणार? "माजणार," आई म्हणाल्या. पाळी नियमित न येणाऱ्या, पीसीओडीवाल्या तरुण मुलींतही हेच होतं, बीज सुटत नाही म्हणून छाटणीचं हार्मोन तयार होत नाही, म्हणून महिनोन्महिने पाळी नाही याकडं दुर्लक्ष करू नका म्हणतात ते.

पुढचं पटापट सांगते. स्त्रीरोगतज्ज्ञांनी आधी ओपीडीतच पेनच्या रिफिलएवढ्या बारीक नळीनं तुकडा घ्यायचा प्रयत्न केला, पुरेसा आला नाही, पॉलिप असला की बऱ्याचदा असं होतं, नळी बाजूनं निघून जाते. मग भूल देऊन दुर्बिणीनं आत बघून पॉलिप काढला आणि क्युरेटिंग केलं, म्हणजे अस्तर खरवडून घेतलं. रिपोर्टला दहा दिवस. त्या दहा दिवसांत मी कामावर किती चुका केल्या विचारू नका, एका बाप्याच्या रिपोर्टात गर्भाशय नॉर्मल असं टाइप केलं, मॅडमनी सहीच्या वेळी पकडलं.

आणि त्याच दहा दिवसांत घरात सल्ले सुरू झाले. नणंद म्हणाली पिशवी काढून टाका, कटकट नको. जाऊबाई म्हणाल्या आमच्या आईची काढली, चाळिशीतच, काही होत नाही. गावातली एक बाई तर म्हणाली, मला पिशवीला सूज होती म्हणून काढली. हा शब्द मला काउंटरवर रोज ऐकायला मिळतो, पिशवीला सूज. रिपोर्टात असतं युटेरस बल्की, म्हणजे गर्भाशय थोडं मोठं, दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं असतंच, त्याचं होतं सूज, सुजेचं होतं कॅन्सर होईल, आणि ३२ वर्षांची बाई पिशवी काढून येते. एकजण आमच्याकडं आली होती, दुसरीकडं कुठंतरी तिला सांगितलेलं अस्तर जाड आहे, १३ आहे, लगेच ॲडमिट व्हा. पाळीच्या २४ व्या दिवशी केलेली सोनोग्राफी होती ती. एलएमपीचा रकाना रिकामा. मॅडमनी तिला पाळीनंतर बोलावलं, ५ निघालं.

बीडच्या ऊसतोड बायकांचं सगळ्यांना आठवत असेल, २०१९ साली सरकारनं समिती नेमली, जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. कोयता थांबला की पैसे कापतात, पाळीत सुट्टी नाही, मग कायमचीच कटकट मिटवा. माझ्या नवऱ्याच्या कारखान्यात ऊस येतो तोही कुणीतरी तोडलेलाच असतो, हे मी त्यांना त्या दिवशी म्हणाले तर ते काही बोलले नाहीत. म्हणून पिशवी काढा हे वाक्य कुणी चहासोबत बिस्कीट दिल्यासारखं म्हणालं की माझं डोकं फिरतं. आणि गरज असते तिथं काढायलाच पाहिजे, त्यातही मी मागं हटणार नाही.

कारण रिपोर्टावर सगळं अवलंबून होतं. अस्तर प्रमाणाबाहेर वाढलं त्याला हायपरप्लेझिया म्हणतात आणि २०१४ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं त्याचे सरळ दोनच प्रकार ठेवलेत, पेशींचं रूप बिघडलेलं आणि न बिघडलेलं. बिघडलेलं असलं, म्हणजे एटिपिया, तर आतच कुठंतरी कॅन्सर असायचा किंवा पुढं व्हायचा धोका मोठा, तिथं पाळी गेलेल्या बाईला ऑपरेशनच सांगतात. न बिघडलेलं असलं तर २० वर्षांत कॅन्सर व्हायची शक्यता शंभरात पाचापेक्षा कमी आणि औषधानं बहुतेकींचं मागं फिरतं.

आईंचा दुसरा निघाला. पॉलिप साधा, बाकी अस्तरात हायपरप्लेझिया, विदाऊट एटिपिया. ते विदाऊट मी तीन वेळा बोट ठेवून वाचलं.

डॉक्टर म्हणाले मिरेना बसवू. आई म्हणाल्या, ते काय? डॉक्टरांनी साधं सांगायला म्हणून सांगितलं, तांबीसारखीच असते. झालं. आईंचा चेहरा बघायला हवा होता. माझ्याकडं वळून, डॉक्टरांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात, "नातू बारावीला आहे माझा, आणि मला आता तांबी?" डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी परत पहिल्यापासून सांगितलं, तांबं नाही यात, छाटणीचं हार्मोन भरलेलं आहे, रोज थोडंथोडं फक्त आतच सुटतं, पाच वर्षं. गोळ्यापण चालतात पण शुगर-बीपीच्या आधीच सात गोळ्या आहेत तुमच्या, एक दिवस विसरलात तर? छाटणी शब्द डॉक्टरांना मी आधी सांगून ठेवला होता. बसवून घेतली.

सहा महिन्यांनी परत तुकडा तपासला, क्लिअर. त्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा, तोही क्लिअर. मधे सोनोग्राफी झाली, तिच्यात मिरेनाची पांढरी काडी आणि तिची सावली पडते त्यामुळं अस्तर मोजायला अवघड जातं, मॅडमनी एमएम लिहिलेच नाहीत, काडी जागेवर आहे एवढंच लिहिलं. वजन ८४ चं ७८ झालंय. डाग बंद. पूजा आईच करतात, पोरगं सुटलं.

परत येताना त्यांनी मला शपथ घातली होती, गावात कुणाला बोलायचं नाही, लोक हसतील. मी कुणाला बोलले नाही. परवा दुपारी फोन आला, मागं बायकांचा कलकलाट, बागेत थिनिंग चालू होतं. म्हणाल्या, "तुझ्या मॅडम मंगळवारी असत्यात का? एकीला आणायचंय. चाळीस-बेचाळीसची आहे, पंधरा-पंधरा दिवस जातंय म्हणती. तांबीचं मी सांगितलंय तिला." मी म्हणलं सांगितलंत? "सगळ्याच बसल्यात हितं, सगळ्यांनीच ऐकलं की. ते जाऊ दे. तिला तारीख आठवत न्हाई म्हणती, पण आमच्या बागंची छाटणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आली होती, तिला चक्कर आली म्हणून मीच घरी पाठवली. चालंल का?"

चालेल म्हणलं. छाटणीची तारीख तेवढी विचारून सांगा.